चार बोटं आखूड बंदूक

केशोरीकडच्या आमच्या शेतात धान लोंबीवर आलं की चितळं उतरत. त्यांना हुसकवायला बाबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. मी बारा वर्षांची झाले, तेव्हा त्यांनी तिचा लाकडी दस्ता माझ्या कोपराच्या खळगीत टेकवून पाहिला. माझं बोट चापापर्यंत पोचेना. मग शेजारच्या सुताराकडून त्यांनी दस्ता चार बोटं कापून आणला. आता बंदूक मला नीट बसली.

"छर्रे नाही भरले, आवाजच करायचा हाये," ते म्हणाले.

मी बार उडवला. कळप उधळला आणि एक पाडस कुंपणाच्या तारेत अडकून मेलं. त्यानंतर मी बंदुकीला हात लावला नाही. चितळं हुसकवायला पुन्हा बाबाच जाऊ लागले.

पंधरा वर्षांनी बाबा गेल्यावर मी बंदूक ठाण्यात जमा करायला नेली.

"इतकी आखूड काऊन जी?" शिपायानं विचारलं.

मला राग आला, त्याचा नाही, बाबांचा. मी दस्ता कोपरात टेकवला. चाप तळहातावरच आला. बाबांचा हात तर माझ्याहून लांब. पंधरा वर्षं ते अंग चोरून या आखूड बंदुकीमागे वाकत राहिले. नवा दस्ता बसवून द्यायला सुतार दोनच घरं पलीकडे होता, तरी ती त्यांनी माझ्याच मापाची ठेवली.