तडीअण्णा आणि एकोणीस झाडं

तडीअण्णांना झाडाचं नाव विचारलं की ते विचारणाऱ्याला आधी खाली वाकायला लावत. जानेवारी आला की बंगळूरभर गुलाबी झाडं फुलतात आणि लोक माना वर करून फोटो काढतात. अण्णा मान खाली घालून चालत. "फूल आलं की ह्या झाडांवर पान राहत नाही. वर बघितलं तर सगळी सारखीच," ते म्हणत. "ओळख खाली पडलेली असते. उचल गे." मग बसवनगुडीतल्या आमच्या मागच्या रस्त्यावर, सकाळी सात वाजता, मी चाळिशीची बाई फूटपाथवर उकिडवी बसून वाळकी पानं शोधत असे.

कन्नडमध्ये 'तडी' म्हणजे थांब. कुणी घाईने झाडाला नाव देऊन टाकलं की अण्णा हात वर करून म्हणत, "स्वल्प तडी." त्यावरून सगळी गल्ली त्यांना तडीअण्णा म्हणायची. आमची ओळखही त्याच शब्दाने झाली. नवऱ्याच्या नोकरीसाठी पुणं सोडून आम्ही नुकतेच इथे आलो होतो. मी एका झाडाखाली उभी राहून बहिणीला फोनवर सांगत होते, "अगं, आमच्याकडे चेरी ब्लॉसम आलाय." मागून आवाज आला, "स्वल्प तडी. चेरी नव्हे ते." परक्या रस्त्यावर कुणीतरी मराठीत माझी चूक काढली, याचाच मला इतका आनंद झाला की मी फोन ठेवून दिला.

अण्णांचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड सहज मिसळलेलं असे; 'बरं'ला ते 'सरी' म्हणत, आणि हळूहळू मीही म्हणायला लागले. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली होती, आणि झाडांकडेही ते तसेच बघत. डिसेंबरात सर्वांत आधी फुलतं ते गडद गुलाबी. त्याच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात, बोट फिरवलं की कळतात. जानेवारी-फेब्रुवारीतली फिकट गुलाबी ती वसंतराणी. तिच्या पानाची कड गुळगुळीत. दोन्ही फुलांचा आकार कर्ण्यासारखा, म्हणून लोक फसतात. मग चांदीसारख्या पानांचं, वेड्यावाकड्या खोडाचं पिवळं. एप्रिलमध्ये गुलाबी बहावा, तो मात्र पानांसकट फुलतो. शेवटी मे महिन्यात आपला ताम्हण. "एवढं सोपं आहे की," ते म्हणत, "पण लोकांना बघायचं नसतं, दाखवायचं असतं."

आमच्या रस्त्याच्या पूर्वेच्या बाजूला अशी एकोणीस झाडं होती. पहिल्या वसंतात मी ती ओळखायला शिकले. दुसऱ्या वर्षी अण्णांनी मला वही ठेवायला लावली. प्रत्येक झाडाला क्रमांक, शास्त्रीय नाव, साल कशी, पान कसं, पहिलं फूल कधी, शेवटचं कधी. मी चुकले की खोडून पुन्हा लिहायला लावत. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात माझं नाव घातलं आणि पुढे रस्त्याचा नकाशा काढून दिला. मी म्हटलं, "अण्णा, तुमचंही नाव घाला ना." ते म्हणाले, "काम तुझं. माझं कशाला?" मला तो त्यांचा मोठेपणा वाटला.

फिरून आलं की त्यांच्या घरी कॉफी. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, पण त्या घरात त्यांना ते जाणवत नसे. न चाचपडता हवा तो डबा काढत, न अडखळता उंबरा ओलांडत. मी नवं फूल आणलं की त्या ते गालाला लावून बघत आणि म्हणत, "कालच्यापेक्षा जाड आहे गे हे." अण्णा कौतुकाने माझ्याकडे बघत. माहेर सुटल्यावर मला मिळालेलं ते पहिलं घर होतं.

तिसऱ्या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. पूर्वेला झाडं, पश्चिमेला जुनी बैठी घरं. दोन्हींपैकी एक बाजू जाणार होती. अण्णांचं घर पश्चिमेला होतं, हे मला माहीत होतं, पण मी त्याचा विचारच केला नाही. माझ्या डोक्यात झाडं होती, आणि अण्णा माझ्याच बाजूला आहेत हे मी धरून चालले होते. त्याच आठवड्यात ते घरी येऊन वही मागून घेऊन गेले. "नावांची स्पेलिंग बघतो," म्हणाले. "कुठे दाखवायची वेळ आली तर चूक नको." मी आनंदाने दिली.

वस्तीच्या सभेला शाळेचं सभागृह भरलं होतं. रस्त्याच्या कामाचा अधिकारी उभा राहिला. त्याच्या हातात माझ्या वहीच्या झेरॉक्स होत्या. कन्नडमध्ये तो शांतपणे सांगत गेला की एकोणीसपैकी सतरा झाडं परदेशी आहेत, शोभेसाठी लावलेली आहेत, देशी म्हणाल तर फक्त दोन ताम्हण. तेव्हा ती काढायला हरकत नसावी. "ही पाहणी तुमच्यातल्याच एका रहिवासी बाईंनी केली आहे," असं म्हणून त्याने माझं नाव वाचलं.

सगळे माझ्याकडे वळले. त्या झाडांच्या सावलीत रोज मोगरा विकणारी जयम्मा पुढच्या रांगेत होती. तिने कन्नडमध्ये विचारलं, "बाई, तुम्हीच लिहून दिलंत?" मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि ते तो धोतराच्या सोग्याने पुसत होते. सभा संपेपर्यंत पुसत होते.

त्या क्षणीही मी त्यांच्यासाठी कारणं शोधली. कुणी वही त्यांच्याकडून फसवून नेली असेल. म्हातारा माणूस, घाबरला असेल. पुरा महिनाभर मी असं स्वतःला समजावत राहिले. मग जूनमध्ये करवत घेऊन माणसं आली. रस्त्यावर एकही फूल नव्हतं. हिरवी, साधी झाडं. कुणी थांबून बघत नव्हतं. मी मुकादमाला विचारलं, इतके दिवस का थांबलात? तो हसून म्हणाला, "त्या समोरच्या म्हाताऱ्या सरांनी सांगितलं होतं मॅडम. शेवटचं झाड मे महिन्यात फुलून संपतं, त्यानंतर या. फुलात असताना आलात तर लोक आडवे येतील."

शेवटचं फूल कधी, हा रकाना मीच भरला होता.

मी तशीच अण्णांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. करवतीचा आवाज तिथवर येत होता. त्यांनी काहीच नाकारलं नाही.

"अक्काला ह्या घरात काठी लागत नाही," ते हळू म्हणाले. "दुसरीकडे नेलं तर ती खाटेवरून उठायची नाही."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर वही दिली असतीस?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"म्हणून विचारलं नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित रडत का होईना, वही दिली असती. कदाचित नसती दिली. पण तो निर्णय माझा झाला असता. त्यांनी तोही माझ्या नावावर स्वतःच घेऊन टाकला. मी पायरी उतरले आणि पुन्हा त्या घरी गेले नाही. जयम्मा आता दोन गल्ल्या पलीकडे उन्हात छत्री लावून बसते. माझ्याकडे बघत नाही.

अण्णा गेल्या वर्षी गेले. तेराव्याला मी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेले. भिंतीवर त्यांचा फोटो होता, माणसं त्यांच्या झाडांच्या वेडाबद्दल प्रेमाने बोलत होती. मी कोपऱ्यात अक्कांपाशी जाऊन बसले. मी काही बोलायच्या आतच त्यांनी माझा हात ओळखला आणि दोन्ही हातांत धरला.

"किती दिवस आली नाहीस गे," त्या म्हणाल्या. "लाजलीस ना? झाडं तुझ्या वहीमुळे गेली, हे मला ह्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण शेवटपर्यंत तुझी बाजू घेत होते हं. म्हणायचे, नवीन आहे, तिला कळलं नाही, तिच्यावर रागवू नकोस." त्यांनी माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं. "मी कधीच रागावले नाही. मनात ठेवू नकोस. माफ केलं मी तुला."

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्या वाक्यानंतर त्या बाईला ह्याच घरात, एकटीने, ते सत्य घेऊन राहायचं होतं.

"सरी, अक्का," मी म्हणाले.