वळणापुरती ढिलाई

गरम लोखंडावर तेल पडल्याचा वास आला की मला घोटावड्यातलं ते खळं आठवतं. तेव्हा मी उरवड्याच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि एका शेतकरी मावशींकडे भाड्याने राहत होते. इंग्रजांच्या काळी डोंगरातल्या अरुंद रुळांवर धावायचं तसलं, एका बॉयलरखाली चाकांचे दोन वेगळे गाडे असलेलं हातभर इंजिन मी सुट्टीच्या दिवशी बनवत होते. वर्षभराने त्यात वाफ धरली, पण खळ्यात मांडलेल्या रुळांच्या पहिल्याच वळणावर ते घसरलं. तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा मी चिडून ते भंगारात द्यायला निघाले. शेजारी भात वाळवणाऱ्या मावशींनी पुढचा गाडा हलवून पाहिला. "अगं, लई घट बसवलंयस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन कधी अशी आवळत्यात व्हय? वळायला जागा नगं?" कारखान्यात केसभर फट राहिली तरी माल परत यायचा, तीच सवय मी इथं चालवली होती. दोन्ही गाडे बॉयलरला जोडणाऱ्या पिनांची भोकं कानशीने जरा मोठी केली. पुन्हा वाफ धरली. आधी पुढचा गाडा वळला, मग मागचा, आणि मावशी हातातलं सूप टाकून इंजिनामागं चालू लागल्या. आता मी सूसला फ्लॅटमध्ये राहते. इंजिन त्यांच्याकडेच आहे. परवा त्यांचा फोन आला, "वळणावर अडत हुतं. नातीनं पिन ढिली केली. पळतंय बघ."