टँकरच्या टपावरचा सौदा

सगळा दोष आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. हे आधीच सांगून टाकतो, कारण किस्सा अर्ध्यावर आला की ऐकणारे आप्पांना सोडून माझ्याकडं बघून हसायला लागतात. हसा. पण दोष आप्पांचा.

आता सुरुवात कुठून करू? इंजिनिअरिंग सोडलं तिथून करतो. तीन सेमिस्टरमध्येच मला कळलं की शिकवणाऱ्यालाही हे येत नाही, आणि मी घरी बसलो. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सुतकच आलं. बाबा बँकेतले. जन्मभर दुसऱ्याचे पैसे मोजले आणि त्यालाच करिअर म्हणतात. ते माझ्याशी बोलेचनात. बोलले तेव्हा एवढंच, "नालायक."

म्हटलं, ठीक आहे, नालायक तर नालायक, धंदा करतो. साठवलेले, उसने, आईनं गुपचूप दिलेले, असे सगळे पैसे मिळून एक जुना टँकर घेतला.

तोंडं वाकडी करू नका! दुष्काळाचा उन्हाळा होता. घरातल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र जालना रोडनं धावत सुटलेलं. जिथं बघाल तिथं इमारतींचे सांगाडे. माणसाला प्यायला नाही, पण स्लॅबवर मारायला पाहिजेच. असल्या शहरात पाणी विकणारा बुडेल का?

मी बुडून दाखवलं.

टँकर माझा, पण पाणी आप्पांचं. करमाडला त्यांची विहीर. आजूबाजूच्या विहिरींत दगडं दिसत होती, आप्पांच्या विहिरीत पाणी. त्याचा माज आप्पांच्या मिशीत उतरला होता. खेपेमागं पाण्याचे पैसे त्यांनी आधीच ठरवून घेतले. मला भाव काहीही मिळो, त्यांचा आकडा हलणार नाही. पुतण्याला ही अट! आणि वर दुसरी.

"सौदा माझ्यासमोर व्हईल. तुला काय कळतंय सौद्यातलं?"

आप्पांनी जन्मभर जनावरांच्या बाजारात दलाली केली. तिथली रीत तुम्हाला ठाऊक असेल. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली एकमेकाची बोटं धरायची, दाबायची, आणि बैल या दावणीचा त्या दावणीला जायचा. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. आप्पांच्या मते जगातला प्रत्येक व्यवहार असाच होतो. पुतिन आणि ट्रंप भेटले तरी टेबलाखाली रुमाल असतोच, असं त्यांचं ठाम मत आहे.

तर एक काम चालून आलं. पुण्याचा एक बिल्डर, शेंद्र्याकडं मोठी साइट, रोज टँकर पाहिजे, पावसाळ्यापर्यंत. बाबांनी जेवताना जाहीर केलं, "हे काम मिळालं नाही तर टँकर विकायचा आणि राहिलेले विषय सोडवायचे." म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या एका सौद्यावर येऊन बसलं.

बिल्डरचे खरेदी बघणारे जोशी साहेब. सभ्य माणूस. फोनवर म्हणाले, "आम्हाला तिकडे येणं जमणार नाही. व्हिडिओ कॉल करू. विहिरीतलं पाणी दाखवा, तिथेच दर ठरवू."

विहिरीवर रेंज नाही. रेंज फक्त एका जागी, विहिरीच्या काठाला लावलेल्या टँकरच्या टपावर. एप्रिलची दुपार, खाली तापलेला पत्रा, त्यावर टाकलेलं पोतं, पोत्यावर मी, आणि माझ्या शेजारी धोतर सावरत चढलेले आप्पा. माझा डावा हात त्यांनी मांडीवर ओढला, त्यावर उपरणं टाकलं.

"आप्पा, हे काय?"

"मोबाइल तुझा, आकडा माझा. एक बोट दाबलं की शंभरानं उतर. दोन दाबली की दोनशे. पंजा दाबला तर पाचशे. आन् मी दाबल्याबिगर तोंड उघडायचं नाय."

"अहो, तिकडून कुणी बघत नाहीये खाली!"

"म्हणूनच बाप तुला नालायक म्हणतो. रीत ती रीत."

कॉल लागला. जोशी साहेब ऑफिसात, हातात चहाचा कप. पाणी दाखवलं. खूश झाले. दर विचारला. मी ठरल्याप्रमाणं सांगितलं, "खेपेला बावीसशे, साहेब."

जोशी साहेबांनी कप उचलला, एक भुवई वर केली आणि गप्प झाले.

आम्हीही गप्प.

ते काही बोलेनात. कप ओठापासून चार बोटांवर. भुवई वर ती वरच. मला वाटलं विचारावं, "साहेब, आवाज येतोय ना?" तोंड उघडलं तोच उपरण्याखाली नख रुतलं.

"गप!" आप्पा दातातल्या दातात. "जो आधी विचारतो तो गरजू. बाजारात इचारलं की मेलास."

"पण आप्पा, ते हलत नाहीयेत."

"तेच म्हनतो मी. भुवई बघ. भाव जड झालाय त्याला. आन् हात बघ हात! कप धरलाय, थेंब सांडंना. लई मुरलेला गडी हाय."

एक बोट दाबलं.

"एकवीसशे, साहेब," मी म्हणालो.

भुवई जागच्या जागी. डोळ्याची पापणीसुद्धा नाही! मला खरं सांगायला लाज वाटते, पण मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला. म्हटलं, पुण्यात यांना ट्रेनिंग देत असतील.

"असला गडी मी एकच बघितला व्हता," आप्पा पुटपुटले. "हेडी व्हता, बैलांचा व्यापारी. त्यानं माझी जोडी मातीच्या भावात नेली."

दोन बोटं.

"एकोणीसशे, साहेब. तुमच्यासाठी म्हणून."

काही नाही. पत्रा पोत्यातून चटके द्यायला लागला. टँकर हातचा जाणार, मी परत त्या वर्गात बसणार, असं सगळं डोळ्यापुढं यायला लागलं. तेवढ्यात उपरण्याखाली आप्पांनी माझा अख्खा हात करकचून आवळला. पंजा! मी त्यांच्याकडं बघितलं. डोळे मिटलेले, चेहरा पिळवटलेला. म्हटलं, एवढ्या मुरलेल्या दलालाला हा आकडा द्यायला केवढा त्रास होतोय.

"चौदाशे!" मी ओरडलो. "शेवटचा शब्द, साहेब!"

आणि जोशी साहेब हलले. कप एकदम खाली, भुवई खाली, आवाज सुरू.

"—हॅलो? आता येतोय का आवाज? चौदाशे फायनल. आभारी आहे."

"साहेब, तुम्ही एवढा वेळ काही बोललाच नाहीत."

"बोललो की! बावीसशेला लगेच 'हो' म्हणालो. दोनदा म्हणालो. तुमचं चित्र दिसत होतं, आवाजही येत होता. आमचा बहुधा तुमच्याकडे पोचत नव्हता. मग तुम्ही स्वतःच उतरायला लागलात. आमचे मालक शेजारीच बसलेत, ते म्हणाले, जोशी, आता अजिबात बोलू नका."

मागून मालकाचं हसू ऐकू आलं.

"साहेब, हे धरू नका हो. चौदाशेत डिझेल, ड्रायव्हर आणि पाण्याचे पैसेसुद्धा भागत नाहीत."

आप्पांनी मोबाइल माझ्या हातातून ओढला. "सायेब, आकडा आमच्या तोंडातून गेला. आता फिरणार नाय. उद्यापासून टँकर येईल." आणि लाल बटण दाबलं. ते मात्र बरोबर सापडलं!

मी पेटलो. "आप्पा, पंजा कशाला दाबला? पाचशे एकदम?"

"कोनता पंजा?"

"आत्ता आवळला की माझा हात!"

"आरं, पोटरीत गोळा आला व्हता माझ्या! जीव चालला व्हता. आधाराला धरला तुला."

"मग मी चौदाशे म्हणालो तेव्हा थांबवलं का नाही?"

"मला वाटलं, तुझी काय तरी कालिजातली अक्कल आसंल. मला काय ठावं, त्यो हलत नव्हता का मोबाइल लटकला व्हता? कम्प्युटर तू शिकला का मी?"

हो, ते सांगायचं राहिलं. तीन सेमिस्टर मी कम्प्युटरच शिकत होतो.

पावसाळा लागेपर्यंत रोज खेपा टाकल्या. प्रत्येक खेपेला पदरचे शंभर रुपये गेले. आप्पांचे पाण्याचे पैसे एकदाही चुकले नाहीत. जूनमध्ये टँकर विकला, घेतला होता त्याच्या निम्म्या किमतीत.