फ्रान्सातल्या मिठाचा भाव

आर्णीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं किराणा दुकान आहे, त्या काकांची मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली. सुट्टीत ती फ्रान्सला जाते आणि तिथे घर भाड्याने घेऊन स्वतःच रांधते. तिथून तिचा फोन आला की गिऱ्हाइकाची साखर काट्यावर तशीच राहते. काका तिची तब्येत विचारत नाहीत, भाव विचारतात. "टमाटे कसे किलो? तुमच्या इंग्लंडपेक्षा सस्ते का महाग?" तिने युरोत सांगितलं की रोज दुकानात येऊन बसणाऱ्या माझ्याकडे बघतात. आमच्या घरातला पहिला बी.कॉम. मी, त्यामुळे रुपये करून सांगायचं काम माझं.

परवा मी म्हटलं, "काका, हेच भाव कालही इचारले तुमी. मले पाठ झाले."

फोनवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "मलेबी पाठ हायेत. पण कशी हायेस इचारलं का 'बरी हावो' म्हणते अन् ठेवून देते. भाव इचारला का लहानपणी गल्ल्यावर बसून बोले, तशी बोलत राह्यते."

मग फोन पुन्हा कानाला लावला.

"हं माय, मिठाचा राह्यला सांगाचा."