जुळारीची दुसरी किल्ली

रात्रभर भुरभुर लागून होती. सकाळी लातूरवर ढग इतके खाली टेकले होते, की ट्यूशन एरियातल्या क्लासांच्या फलकांवरची हसरी टॉपर पोरंही ओलीचिंब दिसत होती. असल्या हवेत कागद दगा देतो. ओल धरलेला कागद झेरॉक्स मशीनमध्ये दोन-दोन, तीन-तीन चिकटून शिरतो आणि आत गोळा होऊन बसतो. म्हणून नबीलनं दुकान उघडल्याबरोबर आधी कागदाच्या कपाटातला पिवळा बल्ब लावला. मग एक रीम फोडली, दोन्ही हातांत धरून ती पंख्यासारखी फुलवायला लागला, की पानापानात वारं शिरावं. तेवढ्यात फोन वाजला.

बिलोलीची आलिया होती. तिचं तिकडं तहसीलजवळ टायपिंगचं दुकान आहे.

"नबीलभाई, जुळारी कुठं नेऊन ठेवलाव?"

"कुठं नेणार बाई? हाय तिथंच हाय."

"न्हाई तिथं. पान सापडत नाही म्हणून राहिलंय. धर्माबादहून बी फोन आलता मला. माझ्यावर चिडून राहिलेत, जसं काय मीच खाल्लं."

नबीलनं रीम तशीच काउंटरवर ठेवली.

जुळारी हे एका प्रोग्रॅमचं नाव. त्याआधी तो नबीलच्या बापाचा धंदा होता. गफूर छापखान्यात जुळारी होता, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. छापखाने बुडाले तसा नबील कॉम्प्युटरवर बसला, आणि लातुरात क्लासांचं पीक आलं तसा त्याच्या दारात प्रश्नपत्रिका टाईप करून घेणाऱ्यांची गर्दी लागली. पुढं मोबाईल आले आणि पंचाईत झाली. वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टात टाईप केलेलं मराठी मोबाईलवर उघडलं, की नुसता चिन्हांचा कचरा. त्यावर नबीलनं आणि शेजारच्या मुकुलनं मिळून हा प्रोग्रॅम लिहिला. एका बाजूनं जुना मजकूर घाला, दुसऱ्या बाजूनं वाचता येईल असं मराठी घ्या. एका बड्या परदेशी कंपनीच्या साइटवर त्याचा सगळा कोड उघडा मांडला. अट एकच: कुणीही घ्या, सुधारा, पण पुढच्यालाही तसाच उघडा द्या.

लोह्यापासून उदगीरपर्यंतचे टायपिंगवाले तो वापरायचे आणि चुका सापडल्या की त्याच साइटवर तक्रार लिहायचे. सगळ्यात जास्त तक्रारी गफूरच्या. म्हातारा दुकानात स्टुलावर बसून पडद्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "ये 'ऱ्या' देख, लंगडा चल रहा." नबील ते जसंच्या तसं लिहून टाकायचा, तक्रारदार म्हणून बापाचं नाव घालून. गफूर करोनात गेला. त्याचा फोटो धड एकच, तोही आधारचा. पण त्याचं बोलणं तिथं होतं. कुठल्या जोडाक्षराला शिवी दिली, कुठल्याला शाबासकी, सगळं.

नबीलनं साइट उघडली. पान खरंच नव्हतं. आपल्या नावानं आत शिरून बघितलं, तर मालकांच्या जागेवर त्याचं नावच नव्हतं. मालक दोघं होते, नबील आणि मुकुल. आता एकटा मुकुल, आणि त्याच्या नावाशेजारी तो नोकरीला होता त्या नांदेडच्या मोठ्या क्लासचं चिन्ह.

पहिल्यांदा त्याला वाटलं, मुकुलचं खातं कुणीतरी चोरलं. त्याला सांगायला म्हणून फोन लावला, तर रिंग भिंतीपलीकडून ऐकू आली.

ही भिंत मुकुलचे वडील माधवराव मास्तर आणि गफूर यांच्या घरांमधली; नबीलचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. भूकंपाच्या वेळी नबील पहिलीत होता. त्या हादऱ्यात गफूरच्या घरातला शिशाच्या खिळ्यांचा रॅक आडवा होऊन दारावर पडला. आतून कडी, आणि अलीकडं शिशाचा ढीग. बाहेरून माधवरावांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं आणि एकेकाला ओढून काढलं. तेव्हापासून दोन्ही घरांनी एक रीत पाळली: आतून कडी घालायची न्हाई, दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप लावायचं, आणि दुसरी किल्ली शेजारच्या घरात खिळ्याला. गफूरच्या घराची किल्ली मास्तरांच्या देवघराबाहेर आणि मास्तरांची नबीलच्या आईच्या, चांदबीच्या, फडताळात.

करोनात नबील स्वतः ऑक्सिजनवर होता, तेव्हा त्यानं पलंगावरूनच मुकुलला जुळारीचं आपल्याइतकंच पूर्ण मालकपण देऊन टाकलं होतं. विचार करायची गरजच पडली नव्हती. "मी न्हाई उठलो तर तू चालू ठेव," एवढंच लिहिलं. पुढं आलिया कितीदा तरी म्हणाली होती, "नबीलभाई, कंपनीच्या साइटवर कामून बसलाव? एका ना-नफा संस्थेची साइट हाय, सभासदांच्या वर्गणीवर चालती, तिकडं नेऊ." नबील हसायचा. "मुकुल बसलाय ना तिथं. आपल्याला काय भ्या?"

तो मास्तरांच्या ओट्यावर गेला. पितृपक्ष चालू होता, आज मास्तरांच्या वडलांची तिथी. आतून वडे तळल्याचा वास येत होता. अशा दिवशी नबील उंबऱ्याच्या आत जात नसे. मुकुल पंचा खांद्यावर टाकून बाहेर आला.

"कधी आलास?"

"काल संध्याकाळी. आल्या आल्या आईनं कामाला लावलं, म्हणून मग..."

"दुकान उघडं होतं की."

मुकुल ओट्याच्या कडेवर बसला. "कळलं का तुला?"

"आलियानं सांगितलं."

"मीच सांगणार होतो, खरं. आईशप्पथ. क्लासचे सर ॲप काढून राहिलेत, सगळे जुने पेपर त्यात जाणार. त्यांना जुळारी पाहिजे होता. मग त्यांचा वकील म्हणला, उघडा ठेवून चालणार नाही, दुसरे क्लासवाले फुकट उचलतील. मी तिथं डिजिटलचा हेड झालोय नबील. मला सांगितलं, करून टाक. मी काय म्हणणार?"

"मला फोन कर म्हणायचं."

"तू नाही म्हणला असतास."

"म्हणून मला काढलास?"

मुकुल पंच्याचं टोक पिळत बसला. "तुझा कोड तुझ्याकडं आहे की. परत टाक कुठंबी. कोण अडवलंय?"

"तक्रारी?"

"त्या काय... पाच-सहा वर्षांची भांडणं ती. रफाराची आणि वेलांटीची."

"त्यात अब्बा हायेत, मुक्या."

लहानपणचं नाव ऐकून मुकुलनं मान वर केली आणि लगेच खाली घातली. आतून मुकुलच्या आईनं, चंद्रप्रभाकाकूंनी, हाक मारली, "मुकुल, गुरुजी यायचे झाले रे!"

नबील खाली बसला नाही. म्हणाला, "तुला जुळारी परत दे म्हणत न्हाई. नवी साइट हाय एक. जुन्या ठिकाणचा कोड, तक्रारी, उत्तरं सगळं एकदम उचलून आणती. फक्त जुन्या दाराची परवानगी लागती. अर्धा तास मला आत घे. तक्रारी उचलतो, जातो. मग घाल कुलूप."

"सरांना विचारावं लागेल."

"तुला किल्ली दिली, ती घर पडलं तर काढायला दिली होती. घर पडलं होतं का रे?"

"विचारतो म्हणलं ना. दुपारी सांगतो. पान वाढून झालं की."

नबील परत आला. गिऱ्हाईक आलं, गेलं. एक बाई पोरीच्या वसतिगृहाचे कागद घेऊन आली, तिला त्यानं उलट्या बाजूनं झेरॉक्स काढून दिली आणि ती ओरडली. मशीननं दोनदा कागद गिळला. मधूनच तो नव्या साइटवर जाऊन बसायचा. खातं उघडून झालं होतं, जुळारी नाव घालून झालं होतं. एक बटण दाबलं की कोड चढणार होता. तक्रारींची चौकट तेवढी रिकामी होती, तिथं जुन्या दाराची परवानगी घालायची होती. तो थांबला. मास्तरांकडं पंगत बसल्याचा आवाज आला, उठल्याचा आला. मग गल्लीत एक गाडी वाजली. नबीलनं काउंटरवरून वाकून बघितलं, तर मुकुलची नांदेडची गाडी मागच्या बोळाकडं वळत होती. पुढून गेली असती तर दुकान लागलं असतं.

त्यानं फोन लावला. मुकुलनं उचलला नाही. थोड्या वेळानं एक निरोप आला: "सर नको म्हणाले. सॉरी यार."

नबीलनं बटण दाबलं. कोड चढला, जुन्या फेरफारांसकट. कुठं मुकुलनं काय लिहिलं, कुठं नबीलनं खोडलं, सगळं आलं. मुकुलचं नावही आलं, पानोपानी. तक्रारींच्या पानावर मात्र लिहून आलं: अजून एकही तक्रार नाही.

तो पडद्याकडं बघत होता, तेव्हा माधवराव दारात उभे राहिले. अजून सोवळ्यातच, कपाळाला गंध. हातात काळा दोरा बांधलेली किल्ली.

"ही घे रे नबील."

"काय झालं काका?"

"जेवताना बोलला तो. फुशारकीनं बोलला, म्हणून कळलं. ही आमच्या घरात ठेवायला मला तोंड राहिलं नाही." म्हाताऱ्यानं किल्ली पुढं केली. "शाळेत जन्मभर पोरांना शिकवलं आणि घरात हे."

चांदबी आतून चहाचा कप घेऊन आली होती. तिनं एकदा किल्लीकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं.

"मास्तर, जमीन हलायच्या आधी मुकुलला इचारून येती का?"

"चांदबी, तसं नव्हं..."

"मग? मी म्हातारी बाई. रातच्याला काही झालं तर मला कोण काढायचं, ह्यो?" तिनं नबीलकडं हनुवटी केली. "ह्याला तर मशीनीतला कागद बी निघना सकाळपासनं. न्या ती. खिळ्याला लावा. आणि चहा घ्या. तिथीचा दिवस हाय, न्हाई घेणार? मग काकूला सांगा, वडे ठिवा म्हणावं माझ्यासाठी."

माधवरावांनी किल्ली परत मुठीत घेतली. मग धोतराचा सोगा सावरत ओल्या गल्लीतून परत गेले. नबील त्यांच्याकडं न बघता मॉनिटर पुसत होता.

आलियाचा फोन आला. "आलं! नबीलभाई, नवीन पत्ता लागला. मी धर्माबादला, लोह्याला पाठवून दिला. पहिली तक्रार बी मीच टाकू का? अब्बांचा तो लंगडा 'ऱ्या', मला पाठ हाय."

"टाक."

"त्यांच्या नावानं टाकू?"

"न्हाई. तुझ्याच नावानं टाक."

"बरं. आणि दुसरा मालक कोण केलाव? एकटं नका राहू. तुमचं उद्या काही झालं तर?"

"बघू."

"मला करा की. मी काय पळून चालले का?"

"बघू म्हणलं ना, आलिया."

बिलोलीच्या रस्त्यावरची एक एसटी तेवढी ऐकू आली. मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. तिला लागल्याचं आवाजावरून कळत होतं. पडद्यावर दुसऱ्या मालकाची जागा उघडीच होती. तिचं नाव लिहायला दोन बोटं पुरली असती. नबीलनं ते पान बंद केलं.

काउंटरवरची सकाळची रीम परत ओल धरून बसली होती, कोपरे वर वळलेले. त्यानं ती उचलली, कपाटातल्या बल्बसमोर धरली, आणि एका कडेनं पानं सोडवत परत फुलवायला लागला.