घर दाखवणारे सर

मधुकर सर गेल्याचं मला मोखाड्याहून जव्हारला जाणाऱ्या जीपमध्ये कळलं. ड्रायव्हर सरांचाच विद्यार्थी. फोन खिशात ठेवत तो म्हणाला, "सर गेले गं ताई…" आणि गाडी कडेला घेऊन नुसता बसून राहिला. कोणी त्याला "चल" म्हणालं नाही. जीपमधल्या निम्म्या माणसांना सर ओळखत होते आणि उरलेल्यांच्या मुलांना. त्याला आता महिना होऊन गेला.

सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. कसा शिकवायचे म्हणाल तर, खरं सांगते, भयंकर कंटाळवाणा. आम्ही मुली मागच्या बाकावर पेंगायचो आणि सर खिडकीकडे बघत बोलत राहायचे. शिष्यवृत्तीचं काम मात्र, जे कोणालाच नको असायचं म्हणून त्यांच्या गळ्यात पडलं होतं, ते त्यांनी जीव लावून केलं. एखाद्या पोराचे पैसे अडकले की या माणसाला चैन पडत नसे.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी, साखरशेतला असताना शिष्यवृत्ती जमा झाल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर आला. मी नाचतच वाचून दाखवला. बाबांचा चेहरा उतरला. "काय काम करायचं ह्याचं?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे जमीन नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडाशी परत यायचं. त्यासाठी भट्टीवाल्याकडून आधीच पैसे घ्यायचे, त्याला उचल म्हणतात, आणि उचल घेतली की माणसं न्यायला गाडी दारात येते. आजोबांनी घेतलेल्या उचलीपायी बाबा स्वतः पोरवयात त्या गाडीत चढले होते. काम करून न घेता आधी पैसे देणारा कोणी असतो, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि आता ही उचल माझ्या नावावर आली होती… "कॉलेज बास," ते आईला म्हणाले. "गाडी आली तं पोर घरात नाय दिसली पाहिजे." मी त्यांच्याबरोबर भट्टीवर जायचं ठरलं. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. बाबा हटले नाहीत. त्यांच्या लेखी ते मला वाचवत होते.

सुट्टी संपूनही मी आले नाही म्हणून सर स्वतः आमच्या घरी आले. बाबांनी आपली भीती सांगितली तेव्हा मला लाजेने मेल्यासारखं झालं. वाटलं, आता सर हसणार. त्यांनी कोरा चहा संपवला आणि विचारलं, "दादा, उचल घेताना मधे कोण असतो?"

"मुकादम."

"मग या पैशांचा मुकादम मी. गाडी आली तर माझ्या दारात येईल. मी चढतो."

"आन मुकादम पळाला तं?"

आई बाबांना गप्प करायला धावली, पण सरांना हा प्रश्न फार रास्त वाटला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चला, माझं घर बघून घ्या."

आणि खरोखर घेऊन गेले. बाबांना जव्हारच्या घराच्या खोल्या दाखवल्या, मागची विहीर दाखवली, काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बाहेर बोलावून "ही पण पळणार नाही" असंही सांगितलं. काकू अजून त्यावरून हसतात. नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी जेवून बाबा परतले आणि मला म्हणाले, "पिशवी भर." पुढे ती पद्धतच पडली. शिष्यवृत्तीला बिचकणारा बाप आला की सर आधी त्याला घर दाखवायचे, मग जेवू घालायचे, अर्जाचं त्यानंतर. दिवाळी झाली की काकूंच्या चुलीला उसंत नसे. मी आज आश्रमशाळेत शिकवते. सर नसते तर मी विटा थापत असते, हे मी कोणालाही सांगते. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. ते अंगावर आहेत याचंच बरं वाटतं.

मागच्या रविवारी बाबांना घेऊन काकूंना भेटायला गेले. ओसरीवर जामसरचा एक माणूस मुलीला घेऊन उभा होता. सर नाहीत हे त्याला तिथे येऊनच कळलं होतं. "मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणत होता. "ते पैसं नको आमाला. गुरुजीच नाय, तं उद्या काय झालं तर धरायचं कोणाला?" मुलीचा चेहरा मला बघवेना. मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्या घरात बाबांचा आवाज एरवी कोणी ऐकला नव्हता.

"मला धर," ते म्हणाले.

आणि ओसरीवर बसून त्याला साखरशेतची वाट सांगू लागले… जीप कुठे सोडायची, कुठल्या वळणावर चालू लागायचं, घराच्या आधी कोणाचा गोठा लागतो. माणसाने हळूच खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. काकूंनी आतून विचारलं, "जेवायला किती जण?"