घमेलंभर जलपर्णी

मृण्मयी, ओजस, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, आजोबांना तर नाहीच. आजोबा गेले त्या आठवड्यात मनात आलं होतं – चला, आता हे विचारू शकेल असं माणूस उरलं नाही. असा विचार करणारी बाई तुमची आजी आहे.

तुम्हाला मी नेहमी इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, कारण जे झालं ते मराठीत झालं. हळूहळू वाचा. अडलं तर आईला विचारा – तिलाही कळू दे.

मृण्मयी, तू शाळेतल्या प्रकल्पाचा व्हिडिओ पाठवलास. माझ्या आजीने एक तळं वाचवलं, असं त्याचं नाव. मागे तो फोटो मोठा करून लावलास, आमच्या धुळ्याच्या घरात दिवाणखान्यात आहे तो. मी गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांत जलपर्णी, मागे विद्यार्थी. तुझ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ बंद केला आणि बराच वेळ भाजी निवडत बसले. निवडून झालेलीच भाजी.

मी जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, हे तुम्हाला माहीत आहे. दर हिवाळ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांना चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका तळ्यावर नेत असे. दोन दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची – पाणी किती गढूळ ते कळतं. बारीक जाळीतून पाणी गाळायचं, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. बाटलीत औषध घालून पाण्यातला प्राणवायू पकडायचा. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर वेळ. चिठ्ठी नसलेली बाटली मी ओतून टाकायला लावत असे. मुलं मागे मला काय म्हणत, तेही मला ठाऊक होतं.

शिस्तीची बाई. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या तळ्यात शिंगाड्याचे वेल होते. तळं ग्रामपंचायतीचं, पण शिंगाड्यासाठी नाना नावाच्या माणसाने ते ठेक्याने घेतलेलं. त्याची मुलगी रेखा माझ्याच वर्गात. त्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. काप इतके पातळ घ्यायची की काचपट्टीवर ठेवलेले दिसायचे नाहीत. मी तिला एकदाही शाबास म्हटलं नाही. वाटायचं, बिघडेल.

त्या वर्षी मी कॉलेजातून घमेलंभर जलपर्णी बरोबर नेली होती. तिच्या फुगीर देठाचा काप घेतला की आत हवेच्या पोकळ्या दिसतात, म्हणून ती तरंगते. शिंगाड्याच्या देठाशी तुलना करून दाखवायची होती. ही जलपर्णी दरवर्षी तापीच्या एका डोहातून बसने आणावी लागे. चिखल गळायचा, कंडक्टर बोलायचा, साडी खराब व्हायची.

काम संपलं. सामान आवरताना घमेल्यात बरीच रोपं उरली होती. रेखाने विचारलं, "मॅडम, बांधावर उन्हात पसरू का? वाळली की जाळून टाकते."

मी काय म्हणाले?

थांबा. सांगते.

मला माहीत नव्हतं, असं नाही. जलपर्णी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेली की काय करते, हा धडा मी स्वतः शिकवत होते. फळ्यावर चित्र काढून, खडूचे रंग बदलून. मी म्हणाले, "कशाला? टाक तळ्यात. पुढच्या वर्षी इथेच मिळेल."

ती क्षणभर उभी राहिली. मग मॅडमनी सांगितलं म्हणून पाण्याशी गेली आणि घमेलं उपडं केलं. वडलांच्या तळ्यात. स्वतःच्या हाताने.

पुढच्या वर्षी खरंच तिथेच मिळाली. एवढी, की पाणी दिसेना. जांभळी फुलं आली होती. मुलं फोटो काढत होती. खाली उजेड नाही, प्राणवायू नाही. मासे मरून काठाला लागलेले, शिंगाड्याचे वेल कुजलेले, गुरं काठावरून परत फिरत. त्या वर्षी बाटल्यांतला आकडा आला, तो मी मुलांना वाचून न दाखवताच पुढे सरकवला.

गाव चिडलं. नानाने आदल्या साली बऱ्हाणपूरकडून नवे वेल आणले होते, त्यांच्याबरोबरच ही पीडा आली, असं सगळे म्हणू लागले. ग्रामसभा ठेवली आणि कॉलेजच्या मॅडम गावात आल्याच आहेत, तर त्यांनाही बोलावलं. मी गेले. खुर्ची दिली मला. नाना समोर जमिनीवर. कोणीतरी मागून टोमणा मारला, "नाना, आते हाऊ पालाबी इक बजारमा." आता हा पालाही बाजारात विक म्हणे. लोक हसले. रेखा बायकांत बसली होती. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला नापास झालेला एक विषय पुन्हा देत होती – प्रॅक्टिकल माझ्याकडेच.

नाना हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्हले बठ्ठं म्हाईत शे. तुम्हीच सांगा. हाई मन्हा येलसंगे उनं का?" हे माझ्या वेलांबरोबर आलं का, एवढंच विचारत होता.

खरं बोल म्हणून गल्लीतल्या पोराचा मी कान पिळलेला आहे. माझ्यासमोर एक वाक्य होतं, तीन शब्दांचं. मी टाकायला लावली. एवढंच. काय झालं असतं? लोक बोलले असते. प्राचार्यांपर्यंत गेलं असतं. विभागप्रमुखपद येऊ घातलं होतं.

मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

खोटंसुद्धा नाही पाहा. शास्त्रीयदृष्ट्या एकदम बिनचूक.

रेखाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही – मी पुढे आणखी काही बोलेन म्हणून, वाट बघत. मी पाणी मागितलं.

ठेका गेला. नाना केळीच्या ट्रकवर घड चढवायला जाऊ लागला, त्या वयात. रेखा परीक्षेला आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं मुलींकडून कळलं. जुना हजेरीपट चाळताना तिचा नंबर वगळून पुढे जायची मला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते – निदान मला झाली.

त्यानंतर मी ती मोहीम काढली. मुलं नेली, जलपर्णी उपसली, पेपरात आलं, सत्कार झाला. भाषणात मी म्हणाले, अज्ञानातून असं होतं. अज्ञानातून! लोक मान हलवत होते. तो फोटो त्या दिवसाचा.

मागच्या वर्षी जळगावच्या बसस्टँडवर एका बाईने वाकून नमस्कार केला. रेखा. बरोबर मुलगी, सायन्सला आहे म्हणाली. तिला माझी ओळख करून दिली, "ह्या माझ्या मॅडम. सूक्ष्मदर्शकात बघायला ह्यांनी शिकवलं." मी नानांची चौकशी केली. गेले, म्हणाली. शेवटपर्यंत म्हणायचे, लांबून वेल आणायची हौस मला नडली.

मग मुलगी पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा आवाज खाली आणून म्हणाली, "मी त्यांना कधी सांगितलं नाही, मॅडम."

काय अर्थ होता त्याचा? मला दिलासा देत होती की स्वतःचं ओझं दाखवत होती? सगळी वर्षं ती ते आपलं पाप समजत आली होती, घमेलं तिच्या हातात होतं म्हणून. आणि मी – मी तिला विचारलं, मुलगी कितवीला. बारावीला, म्हणाली. छान, म्हटलं. धुळ्याची गाडी लागली होती.

जाताना तिने तिचा नंबर दिला. तो माझ्या फोनमध्ये आहे.

मी हे तुम्हाला लिहिते आहे, सातासमुद्रापार. तिला नाही. ती चोपड्याला राहते, गाडीने फार लांब नाही.